गरम कोंबडी कार्डावर चालत नाही

"थंड कोंबडी संपली, मॅडम. गरम आहे... पण गरम तुमच्या सरकारी कार्डावर चालत नाही."

वेन्डेल प्रॉसरने हे वाक्य दुकानाच्या पार्किंगमध्ये, चार नंबरच्या खांबापाशी, चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं. आणि गाडीत बसलेल्या डार्सी कोवालिकच्या मस्तकात तिडीक गेली.

का नाही जाणार? गेले चौदा महिने ती वाणसामान ऑनलाइन मागवत होती ते काय हौस म्हणून? त्या कार्डावर सरकार दर महिन्याला खाण्यापुरते पैसे भरायचं. दुकानात जाऊन कार्ड काढलं की रांगेतली माणसं आधी कार्डाकडे बघायची, मग तिच्या बुटांकडे, मग ट्रॉलीतल्या आइस्क्रीमकडे. एकदा मागची बाई सरळ म्हणाली होती, "चालू द्या, आमच्याच पैशाने चाललंय." त्या दिवसापासून डार्सीने दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता. फोनवर सामान निवडायचं, फोनवरच कार्डाचा नंबर दाबायचा, खांबापाशी गाडी लावायची. कोणीतरी पिशव्या आणून डिकीत ठेवायचं, की संपलं. कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

आणि हा पठ्ठ्या बोंबलत सांगत होता. शेजारी पाच नंबरवर काच अर्धी खाली करून कोण बसलं होतं म्हणता? बर्नाडीनबाई. दर रविवारी चर्चमध्ये डार्सीच्या बाबांच्या बाकावर बसणाऱ्या, आणि तोंडात तीळ न भिजणाऱ्या.

"जरा अजून मोठ्याने बोला ना," डार्सी म्हणाली. "नदीपलीकडे नीट ऐकू गेलं नसेल."

त्याने पाच नंबरकडे बघितलं. त्याचे कान लालेलाल झाले. ओहायो नदीवरून बोचरा वारा येत होता आणि बर्फाचा बारीक चुरा त्याच्या पापण्यांवर बसत होता. पापण्या लांब होत्या... हे तिच्या लक्षात आलं आणि त्याचाही तिला राग आला.

"सॉरी. वारा आहे ना... मला वाटलं ऐकू जाणार नाही."

"आणि पिशवीवर हे नारिंगी काय चिकटवलंय? मागच्या आठवड्यात नव्हतं."

"नवीन मॅनेजरबाईंनी सुरू केलंय. कार्डाच्या ऑर्डरला स्टिकर लावायचं. म्हणजे एखादी वस्तू नसली, तर तिच्या बदली आम्ही चुकून बिअर वगैरे टाकू नये."

"मी कधी बिअर मागवली?"

"नाही."

"कधीतरी?"

"नाही... तुम्ही आंबवलेला कोबी मागवता."

डार्सी गाडीतून उतरली. पिशवीवरचं नारिंगी स्टिकर तिने टर्रकन ओढून काढलं आणि त्याच्या जॅकेटवर, बरोबर छातीवर, थापटून चिकटवलं. "आता तुम्ही फिरा हे लावून. बघा कसं वाटतं."

त्याने मान खाली घालून छातीकडे बघितलं. "वाकडं लागलंय," तो म्हणाला.

तिला हसूच येणार होतं. त्या हसण्याचा तिला इतका संताप आला की ती डिकी उघडी ठेवूनच गाडी घेऊन निघाली, आणि तो बिचारा गाडीमागे धावत येऊन डिकी लावून गेला.

कोवालिक बापलेक राहायचे ते कपडे धुवायच्या दुकानाच्या माडीवर. खाली वीस मशिनं आणि बारा ड्रायर. लोक नाणी टाकून आपापले कपडे धुवायचे आणि डार्सी दिवसभर तिथे कामाला असायची. वर बाबा. स्टॅन कोवालिक म्हणजे एकतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. आधी कारखाना गेला, मग फुप्फुसं गेली, मग डार्सीची आई गेली. आता नाकात ऑक्सिजनची नळी घालून ते खिडकीत बसायचे आणि चिमणीएवढं जेवायचे.

फक्त शुक्रवारी नीट जेवायचे. कारखान्यात पगार शुक्रवारी व्हायचा. घरी येताना ते दुकानातली भाजलेली कोंबडी आणायचे, गरमागरम, कागदातून चरबी गळणारी. ती सवय अजून टिकून होती. शुक्रवारी कोंबडी समोर आली की बाबा अख्खी तंगडी खायचे आणि आईबद्दल चार शब्द बोलायचे. म्हणून डार्सीला शुक्रवारी कोंबडी हवी म्हणजे हवीच.

आता यातली गंमत ऐका, गंमत कसली, डोकं फिरायची वेळ. एकच कोंबडी, एकाच भट्टीत भाजलेली. दुकानात गरम फळीवर असेल तर ती कार्डावर चालत नाही. तीच दिवसभर खपली नाही, गार करून फ्रीजमध्ये ठेवली, की चालते. कोण्या शहाण्याने ठरवलं असेल हे? गरिबाने खावं, पण गरम खाऊ नये? डार्सी दर शुक्रवारी थंड कोंबडी आणायची आणि नऊ नंबरच्या ड्रायरमध्ये ठेवायची. त्या ड्रायरचा पट्टा तुटला होता. आतलं पिंप फिरायचं नाही, पण गरम मात्र झकास व्हायचं. वर 'बंद आहे' अशी पाटी. कोंबडी कागदात गुंडाळून तासभर आत ठेवली की वरची कातडी पुन्हा कुरकुरीत व्हायची. घरचा ओव्हन वसंत ऋतूपासून बिघडलेला, आणि मायक्रोवेव्हमधली कोंबडी म्हणजे भिजलेला बूट असं बाबांचं मत होतं.

बाबांना कार्डाचं माहीत नव्हतं. "कोवालिक कोणापुढे हात पसरत नाहीत," हे वाक्य डार्सीने पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. मदतीच्या कागदावर त्यांची सही तिने विजेच्या बिलात सूट मिळते म्हणून सांगून घेतली होती. त्यांना कळलं तर ते घास गिळणार नाहीत, ताट सारतील आणि त्या हट्टापायी मरतीलसुद्धा, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि आता बर्नाडीनबाईंच्या कानावर गेलं होतं. थंडीमुळे बाबा सध्या चर्चला जात नव्हते, तेवढंच बरं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तिचा फोन वाजला. दुकानाच्या ॲपवर निरोप होता: 'आंबवलेल्या कोबीची लहान बरणी नाही. मोठी चालेल? तीही कार्डावर चालते. हे मी हळू आवाजात लिहितोय.'

डार्सीने टाइप केलं, 'स्टिकर काढलं का?'

'नाही. वाकडं आहे, पण पक्कं बसलंय.'

खरंच, दुपारी तो पिशव्या घेऊन आला तेव्हा स्टिकर छातीवर होतं. त्याने पिशव्या ठेवल्या, डिकी लावली, आणि काचेपाशी वाकून जवळजवळ कुजबुजला, "थंड कोंबडी आहे. दह्याच्या डब्यांमागे लपवून ठेवली होती."

"का?"

"चारच्या आत संपते म्हणून."

"माझ्यासाठी कशाला लपवायची?"

तो थोडा घुटमळला. "तुम्ही ओरडता छान," तो म्हणाला आणि वळून चालायला लागला.

मग दर शुक्रवारी निरोप सुरू झाले. 'बटाटे बघितले. तुमच्या लायकीचे नाहीत.' 'माझी लायकी ठरवणारे तुम्ही कोण?' 'बरं, तुम्ही बटाट्यांच्या लायकीच्या नाही. आता खूश?' डार्सी कपड्यांच्या घड्या घालता घालता फोनकडे बघायची आणि टॉवेल उलटे दुमडायची. तिसऱ्या आठवड्यात तुम्हीचं तू झालं, ते कोणी केलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"वेन्डेल हे काय नाव आहे?" तिने एकदा काच खाली करून विचारलं. "जन्मलास तेव्हाच साठीचा होतास का?"

"आजोबांचं. त्यांचं वापरून झालं, मग मला मिळालं."

"आणि हे जॅकेट? तेही त्यांचंच का? हिवाळा आहे, वेड्या. या चिंधीत थंडी वाजत नाही तुला?"

"तू रागावतेस ना, तेवढी ऊब पुरते."

डार्सीने काच वर केली. आतून ती हसत होती, आणि काचेवर वाफ होती म्हणून बरं.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी तिच्या गाडीने मान टाकली. घरपोच मागवावं, तर त्याचं भाडं कार्डावर चालत नाही. तिने ॲपवर लिहिलं, 'गाडी बंद आहे. रद्द कर सगळं,' आणि फोन धुण्याच्या टोपलीत भिरकावला. बाबांना आज काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

साडेचारला मागच्या जिन्यावर पावलं वाजली. ती वर धावली. दारात वेन्डेल उभा होता, बसमधून उतरून चालत आलेला, डोक्यापासून पायापर्यंत ओला. आणि त्याच्यासमोर बाबा, हातात पिशवी, अंगठा बरोबर नारिंगी स्टिकरवर.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"थंड सामानाची खूण आहे, साहेब," वेन्डेल म्हणाला. "नारिंगी म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायचं."

बाबांनी पिशवीत डोकावून बघितलं. "यात कॉफी आहे."

"आमच्या मॅनेजरबाई जरा... चक्रम आहेत."

"सगळे मॅनेजर चक्रमच असतात," बाबा म्हणाले आणि पिशवी घेऊन आत गेले.

डार्सीने पिशवीतली कोंबडी काढून घेतली, वेन्डेलला बाहीला धरून खाली आणलं आणि कोंबडी नऊ नंबरच्या ड्रायरमध्ये सरकवली. "मी रद्द कर म्हणाले होते ना?"

"शुक्रवार होता. कोंबडी होती. पत्ता ऑर्डरवर होता."

"तुला कोणी सांगितलं होतं घरापर्यंत यायला? त्यांना कळलं असतं तर? मला तुझी दया नकोय, वेन्डेल. रांगेतली ती बाई परवडली, ती निदान तोंडावर तरी बोलली. तू मात्र कोंबड्या लपवतोस, कनवाळूपणे पापण्या फडफडवतोस—"

त्याने ओल्या पाकिटातून एक कार्ड काढलं आणि कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर ठेवलं. डार्सीने बघितलं. अगदी तिच्या कार्डासारखंच होतं, फक्त कोपरे जास्त झिजलेले.

"मीही शुक्रवारीच घेतो," तो म्हणाला. "माझ्या पिशवीला स्टिकर मीच लावतो."

"पण... तू तर तिथेच कामाला आहेस."

"आठवड्याला अठ्ठावीस तास. तीस झाले तर आरोग्य विमा द्यावा लागतो त्यांना. म्हणून अठ्ठावीस."

ड्रायर घरघरत होते. डार्सीला वाटलं होतं आता आपला राग उतरेल, पण तो उतरला नाही, उलट दुप्पट झाला. फक्त आता तो त्याच्यावर नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या पिशव्या भरणारा माणूस, आणि त्याच दुकानातला तांदूळ त्याला सरकारी कार्डावर घ्यावा लागतो.

"आणि तू गप्प बसतोस?" तिने विचारलं.

"ओरडायला तू आहेस ना."

"मी कुठकुठे पुरणार? ओरडू नकोस हवं तर, पण काहीतरी कर." तिने त्याचे ओले हातमोजे ओढून काढले आणि कोंबडीशेजारी नऊ नंबरच्या ड्रायरमध्ये ठेवले. त्याचे हात बर्फ झाले होते. तिने ते धरले... आणि धरल्यावर सोडायचं कसं, ते तिला समजेना. त्यानेही मदत केली नाही.

पुढच्या शुक्रवारी डार्सी दुरुस्त गाडी घेऊन पार्किंगमध्ये शिरली आणि बघतच राहिली. एक नंबरपासून बारा नंबरपर्यंत, प्रत्येक डिकीत जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर नारिंगी स्टिकर. दातांच्या डॉक्टरच्या पिशव्यांवर, पाद्रीबाबांच्या पिशव्यांवर. पाच नंबरवर बर्नाडीनबाई गाडीतून उतरून मॅनेजरबाईंसमोर हात नाचवत होत्या.

"मी स्वतःच्या पैशाने घेते. लोक काय म्हणतील मला?"

"कोणी केलं हे?" मॅनेजरबाई गरजल्या.

"मी," वेन्डेल म्हणाला. "छान दिसतं, म्हणून सगळ्यांना लावलं."

मॅनेजरबाईंनी त्याला तिथल्या तिथे सामान भरण्यावरून काढून बाहेर ट्रॉल्या गोळा करायला लावलं. पुढच्या सूचनेपर्यंत. त्या बर्फात, त्या फाटक्या जॅकेटवर.

डार्सीचे हात स्टिअरिंगवर होते. तिचं गुपित आता सुरक्षित होतं. बर्नाडीनबाई स्वतःच्याच पिशव्यांमुळे इतक्या खजील झाल्या होत्या की त्या आता स्टिकरचा स देखील काढणार नव्हत्या. गाडी मागे घ्यायची आणि घरी जायचं, एवढंच काम उरलं होतं. समोरून वेन्डेल वीस ट्रॉल्यांची माळ ढकलत गेला. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिचं नाव यात येऊ नये म्हणून.

"छे," डार्सी स्वतःशीच म्हणाली. "हे नाही चालायचं."

ती उतरली आणि सव्वा वर्षानंतर पहिल्यांदा दुकानात शिरली. सरळ कोंबड्यांच्या काउंटरवर.

"थंड संपल्या," काउंटरवरची बाई म्हणाली.

"मग ती गरम फ्रीजमध्ये ठेवा. मी थांबते."

"अहो, दोन तास लागतील."

"माझ्याकडे आहेत."

ती हाताची घडी घालून उभी राहिली. लोक विचारायचे, का थांबलात? ती प्रत्येकाला सांगायची, चांगल्या खणखणीत आवाजात. "गरम आहे तोवर ती तुमची. गार झाली की माझी. माझ्याकडे सरकारी कार्ड आहे." एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, हा कुठला कायदा? ती म्हणाली, तेच विचारतेय मी. बर्नाडीनबाई लोण्याच्या फळीपाशी आल्या, ऐकलं, आणि लोणी न घेताच परत गेल्या. काचेबाहेर वेन्डेल ट्रॉल्या सोडून उभा होता. तिने त्याला खुणेने सांगितलं, काम कर. त्याने मान हलवली आणि तिथेच उभा राहिला.

दोन तासांनी तिने कोंबडी घेतली, गल्ल्यावर गेली आणि कार्ड सगळ्यांना दिसेल असं धरलं. मागे रांग होती. कोणीतरी तिच्या बुटांकडे बघितलं. डार्सीनेही त्याच्या बुटांकडे बघितलं.

वेन्डेलची ड्युटी संपल्यावर ती त्याला घरी घेऊन आली. खालीच, नऊ नंबरपाशी, तिने त्याच्या हातात कोंबडी दिली. "ही आत ठेव आणि लक्ष दे. मला वर जाऊन एक गोष्ट सांगायचीय."

बाबा खिडकीत होते. डार्सीने बसून घेतलं नाही; बसली असती तर बोलू शकली नसती. सगळं एका दमात सांगितलं. कार्ड, सही, विजेच्या बिलाची थाप.

ऑक्सिजनचं यंत्र फुसफुसत होतं.

"माझी सही घेतलीस खोटं सांगून."

"घेतली. नाहीतर तुम्ही उपाशी राहिला असता."

"कोवालिक हात पसरत—"

"एकतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून कर कोणी भरला, बाबा? फुप्फुसं कोणी दिली? आता त्यातलेच चार घास परत आले तर ते हात पसरणं झालं? मला राग येतो तुमच्या त्या वाक्याचा. लहानपणापासून येतो." तिने कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. "जेवायचं नसेल तर नका जेवू. पण मी लपवणार नाही आता. मी दमले."

बाबांनी नळी नीट केली. "ती शुक्रवारची कोंबडी... तीही कार्डावरचीच?"

"तीच. सव्वा वर्ष."

"म्हणजे मी खाल्लीच आहे."

"हो."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "चांगली होती," ते शेवटी म्हणाले. मग खुर्चीचा हात धरून उठले. "खाली कोण आहे? तो कॉफी फ्रीजमध्ये ठेवणारा?"

एकेक पायरी थांबत, ऑक्सिजनचं लहान नळकांडं खांद्याला लावून, बाबा खाली आले. वेन्डेल ताडकन उभा राहिला. बाबांनी त्याच्या छातीवरचं ते जुनं, कडा उचकटलेलं स्टिकर बघितलं. बोटांनी हळूच सोडवलं. आणि स्वतःच्या स्वेटरवर, खिशाच्या वर, तळव्याने दाबून लावलं.

"वाकडं लागलं होतं," ते म्हणाले. "चल, कोंबडी काढ. गरम आहे तोवर खाऊ."

वेन्डेलने ड्रायरचं दार उघडलं. कपड्यांच्या साबणाचा आणि भाजलेल्या कोंबडीचा वास एकदम बाहेर आला. डार्सी दाराशी उभी होती. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती रागावली.

"ट्रॉल्या ढकलत बसशील आता वर्षभर. कोणी सांगितलं होतं सगळ्या पिशव्यांना चिकटवायला?"

"तूच म्हणालीस, काहीतरी कर."

"मी तुझ्यावर भयंकर रागावलेय, वेन्डेल."

"किती?"

ती जवळ आली. त्याच्या जॅकेटवर, स्टिकर होतं तिथे, एक स्वच्छ चौकोन राहिला होता. तिने त्यावर हात ठेवला. "पुढच्या शुक्रवारपर्यंत तरी पुरेल," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्याही... मग बघू."

"तंगडी माझी," बाबा घड्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढत म्हणाले. "दुसरी त्या पोराला दे."